दुसऱ्यांचे चेंडू

डॅरिल ओरावेट्झनं नेहमीसारखा हात पुढे केला, पण ओडेलनं त्यावर काही ठेवलं नाही.

"बंडी?" डॅरिलनं विचारलं.

"आज तुला बंडी नाही." टोलेडोच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कपडे, बूट, हेल्मेटं ओडेल गेली सव्वीस वर्षं सांभाळत होता, आणि कुणाच्या पायाला कुठे घट्टा आहे हेसुद्धा त्याला पाठ होतं. "आज तू तूच. जा, पळ."

लॉकर रूममधले दोघेतिघे हसले. डॅरिलही हसला. रिकाम्या हाताचं काय करावं ते न सुचून त्यानं तो कमरेवर ठेवला.

गेली नऊ वर्षं दर बुधवारी तो ती पिवळी, जाळीदार बंडी अंगात चढवत आला होता. येत्या रविवारी ज्या संघाशी गाठ असेल, त्यांच्या क्वार्टरबॅकचा, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूचा आकडा तिच्यावर असायचा, आणि तीन दिवस डॅरिलनं तो माणूस व्हायचं. तो चेंडू कसा धरतो, फेकण्याआधी कुठे बघतो, घाबरला की कुठल्या बाजूला पळतो, सगळं हुबेहूब. मग आपलीच बचावफळी समोर उभी राहून त्याच्यावर हात साफ करून घ्यायची. या कामात डॅरिलचा हात धरणारा अख्ख्या देशात कुणी नाही, असं कोच बर्नहार्ट चारचौघांत म्हणायचे. टल्साच्या क्वार्टरबॅकच्या कानावर हे गेलं, तेव्हा तो सामन्यानंतर मुद्दाम येऊन म्हणाला होता, "म्हणे माझ्यापेक्षा तूच बरा मी आहेस!" खऱ्या सामन्यात मात्र नऊ वर्षांत डॅरिलच्या वाट्याला सगळे मिळून अकरा चेंडू आले होते. तेही निकाल लागून गेल्यावर, लोक गाड्या काढायला उठलेले असताना.

आणि आता ट्रेस लँडिंगहॅमचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ट्रेस म्हणजे संघाचा खरा क्वार्टरबॅक. चोवीस वर्षांचा, देखणा, शहरातल्या निम्म्या जाहिरातींवर त्याचा चेहरा. तो बरा होईपर्यंतचे सहा रविवार डॅरिलचे. तेहतिसाव्या वर्षी! या सहांत जमलं तर कुठेतरी हक्काची जागा मिळेल, नाही जमलं तर उन्हाळ्यात कुणी फोनसुद्धा करणार नाही, हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं. पण त्याला त्याहून साधी एक गोष्ट हवी होती, आणि ती बोलायची लाज वाटत होती. आपण स्वतः कसे खेळतो, हे त्याला एकदा बघायचं होतं.

मैदानावर सेमिसी तॉफा खाली वाकला. टोंगा बेटांवरचा हा दीडशे किलोचा गडी दर खेपेला दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा, आणि कधी द्यायचा हे त्याला मागून येणाऱ्या पुकाऱ्यावरून कळायचं. डॅरिलनं पुकारा केला. सेमिसीनं चेंडू दिलाच नाही.

"हा ट्रेसचा आवाज झाला," तो मान वळवून म्हणाला.

"बरं, परत."

डॅरिलनं परत पुकारा केला. आता रांगेतले पाचही जण खिदळायला लागले.

"हा तर गेल्या आठवड्यातला बोइसीवाला!" सेमिसी म्हणाला. "अरे म्हाताऱ्या, तुझा काढ की! घरी विसरून आलास काय?"

"घसा बसलाय."

"नऊ वर्षं?"

सगळ्यांबरोबर डॅरिलही हसला. चार-पाच वेळा करून शेवटी त्यानं ट्रेसचाच आवाज काढला. सगळ्यांना सवयीचा होता, काम झालं.

पलीकडच्या अर्ध्या मैदानावर पिवळी बंडी हेनिंग नावाच्या माणसाच्या अंगात होती. मंगळवारी घाईघाईनं त्याला बोलावून आणलेलं, आणि येत्या रविवारच्या ओमाहा संघाच्या क्वार्टरबॅकची नक्कल तो अगदीच सुमार करत होता. डॅरिलला राहवेना. पाणी प्यायच्या सुट्टीत तो तिकडे गेला.

"डावा खांदा आधी खाली सोड," त्यानं करून दाखवलं. "तो असा सोडतो. मग चेंडू. आणि चुकला की हेल्मेटवर दोन टपल्या मारतो."

हेनिंग बघतच राहिला. "मग तूच का करत नाहीस?"

"या वेळी मी खेळतोय," डॅरिल म्हणाला. आपल्याच तोंडून आलेलं वाक्य त्याला कानाला विचित्र लागलं.

रविवारी दुपारी शहरालगतच्या सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. टोलेडोचे लोक तोंडाचे गोड म्हणून कधीच प्रसिद्ध नव्हते. डॅरिलचे पहिले तिन्ही चेंडू जमिनीवर पडले, तसा पहिल्या रांगेतल्या एका बाईनं हात तोंडाशी धरून सांगितलं, "अरे, ट्रेस मोडक्या हाडानं याच्यापेक्षा बरा टाकेल!" पंधरावीस माणसं हसली. ते त्याला ऐकू आलं. आपण स्वतः खेळायचं ठरवून आलो आणि आत बघतो तर कुणी नाही, अशी त्याची गत झाली होती.

दुसऱ्या भागात ओमाहाचे दोघे त्याच्या अंगावर धावून आले. विचार करायला वेळच नव्हता. त्याचा हात आपोआप कमरेपर्यंत खाली गेला आणि चेंडू बाजूनं, चाबूक ओढावा तसा सुटला. आपल्या गड्याच्या थेट छातीवर झेल. स्टेडियम उभं राहिलं. डॅरिलला मात्र लगेच कळलं. हा पोर्टलंडवाल्याचा चेंडू होता, दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधला.

मग काय, कपाटच उघडलं. बोइसीवाल्याची हूल, टल्सावाल्याची उजवीकडची धाव, कुणाचं टाचेवर गिरकी घेणं, कुणाचं डोळ्यांनी एकीकडे दाखवून दुसरीकडे टाकणं. जे लागेल ते हाताशी होतं. तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार गेला, तीन टचडाऊन झाले. मघाची ती बाई आता त्याचं नाव घेऊन ओरडत होती, आणि नाव चुकीचं उच्चारत होती.

तिसऱ्या भागात एकदाच असं झालं, की सेमिसी आणि मंडळींनी समोरच्यांना भिंतीसारखं अडवून धरलं आणि डॅरिलच्या आजूबाजूला कुणीच उरलं नाही. चार सेकंद, पाच सेकंद. डाव्या कडेनं आपला एक गडी जिवाच्या आकांतानं लांब पळत होता. कुणाची नक्कल करावी लागावी अशी घाईच नव्हती. डॅरिलनं चेंडू टाकला. तो उंच गेला, हळू गेला, वर जाऊन जरा थांबल्यासारखा झाला, आणि आपल्या गड्याच्या डोक्यावरून पुढे उतरला. तिथे ओमाहाचा एक पोरगा आयताच उभा होता. त्यानं झेल घेतला आणि पळाला.

"ते काय होतं?" डॅरिल बाहेर येताच बर्नहार्टनी विचारलं. "कुणाचं उचललंस ते?"

"कुणाचं नाही, कोच."

"मग सोडून दे. बाकी सोनं आहे तुझ्या हातात. पण तसलं परत दिसता कामा नये. शब्द दे."

"दिला, कोच."

सामना टोलेडोनं चार गुणांनी जिंकला. लॉकर रूममध्ये सगळ्यांनी त्याच्या पाठीत इतके धपाटे घातले की त्याला सदरा काढता येईना. पुढचे पाचही रविवार असंच खेळ, मग तुझ्या जागेचं मी बघतो, असं बर्नहार्टनी सर्वांदेखत सांगितलं. ट्रेसनं गळ्यातल्या झोळीसकट येऊन मिठी मारली.

"घरी चल," सेमिसी म्हणाला. "बायकोनं अख्खं डुक्कर भाजलंय. पोरं तुझी वाट बघताहेत."

"आईला फोन करायचाय रे."

"माझ्याकडे फोन चालत नाहीत काय?"

"पुढच्या रविवारी येतो," डॅरिल म्हणाला.

त्याच्या फ्लॅटमध्ये सोफ्यापासून चमच्यांपर्यंत सगळं भाड्याचं होतं. नऊ वर्षांत त्यानं खिळासुद्धा ठोकला नव्हता, न जाणो कधी निघावं लागेल. बूट न काढताच तो सोफ्यावर बसला आणि मनेसेन गावी आईला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"जिंकलास रे बाळा!" ती म्हणाली. "शेजारची मिल्ड्रेड रडली. चर्चमधून तीन फोन आले. एवढ्यांना काय सांगू, काय सांगू असं झालंय मला."

"आणि तुला कसा वाटला माझा खेळ?"

"छान वाटला की."

"आई."

तिच्या खोलीतला टीव्ही अजून चालूच होता, त्याचा आवाज मध्ये येत राहिला.

"खरं सांगू? चिडू नकोस," ती म्हणाली. "मला तू दिसेनास. माझे डोळे चांगले आहेत हो, गेल्याच महिन्यात तपासलेत. पण चेंडू कुणाच्या हातून सुटतोय तेच कळेना. सारखी पाठीवरचं नाव वाचत होते मी."

डॅरिलनं कपाळावरून हात फिरवला.

"एकच ओळखला," ती म्हणाली. "तो डावीकडचा. त्या पोरानं पळवला तो."

"तो चुकला, आई."

"चुकला नाही. लांब गेला. तू नऊ वर्षांचा असल्यापासून तो लांबच टाकतोस. बाबांची गिरणीत पाळी असायची, मग मागच्या अंगणात मीच उभी राहायचे ना, ओव्हनचे हातमोजे घालून. तुझा हात वर गेला की मी दोन पावलं मागे सरायचे. तुझ्या त्या पळणाऱ्या गड्याला बिचाऱ्याला काय माहीत, की सरायचं असतं!" ती हसली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आज तो हातातून सुटला आणि मी इथे खुर्चीतून उठून उभी राहिले, डॅरिल. हात पुढे करून. मिल्ड्रेड बघतच बसली."

डॅरिल वाकून एका हातानं बुटांच्या नाड्या सोडायला लागला.

"पुढच्या रविवारी टाकशील ना तसा एखादा?" तिनं विचारलं.

"नाही, आई. कोचना शब्द दिलाय."

"अस्सं." टीव्हीचा आवाज बंद झाला. "बरं. मग मी बसूनच बघेन."