गाठीतले दोन चिंचोके

गोदाबाईच्या माणिकचं लग्न वैशाखात झालं, ते साल शके सतराशे शहाऐंशीचं. लग्नाला पाच मण साखर लागली असं वलगावात लोक सांगत. पाच मण काही लागली नव्हती, पण त्या साली कोणतीही गोष्ट फुगवून सांगितली तरी खरी वाटे. समुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलानं चालला होता. कुणब्यांनी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. गोदाबाईची जमीन पेढी नदीच्या काठची, दीड बिघ्याची वाडी, तिच्यात कापूस नव्हताच. वांगी, मिरच्या आणि झेंडू. पण ज्यांच्या घरी कापसाचा पैसा आला ते वांगी घेताना घासाघीस करीनासे झाले, एवढा त्या सालाचा प्रसाद तिच्याही पदरात पडला. त्यावर तिनं लेकीला चांदूरच्या चांगल्या घरात दिलं.

गोदाबाई विधवा, वय चाळिशीच्या पुढचं. भाजीपेक्षा तिचं नाव होतं ते भुलाबाईच्या गाण्यांमुळं. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत गावच्या पोरी घरोघर भुलाबाई मांडून गाणी म्हणत, आणि दर साली एक नवं गाणं त्यांना गोदाबाईकडून मिळे. त्या गाण्यात गावातलं कोणीतरी लपलेलं असे. नाव नसे, खूण असे. एका साली तेलणीचे डोळे घातले होते, एक घाण्याकडं आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या हाताकडं. एका साली जोशीबुवांचं उपरणं, जे प्रत्येक पंगतीत वाढणाऱ्याच्या वाटेत येई. पोरी महिनाभर गाणं म्हणत आणि कोजागिरीच्या दिवशी, झाकला डबा वाजवून खिरापत ओळखतात तसं, गाण्यातलं माणूस ओळखत. बरोबर ओळखलं की गोदाबाई मान हलवी आणि ज्याचं गाणं असे तोच सगळ्यांच्या आधी हसे. तेलणीनं तर पावशेर तेल फुकट दिलं होतं.

लग्नानंतर, माणिक सासरी जायच्या आदल्या दिवसांत गोदाबाई मिरच्यांना पाणी देत होती, तेव्हा तिच्या तोंडी नव्या सालाचं गाणं आलं. एका सुनेनं सासूचे चांदीचे गोठ चोरून कापसाच्या ढिगात लपवले, कापसाची गाडी निघाली आणि गोठ गेले, असं त्यात होतं. माणिक झेंडू तोडत होती. तिनं फक्त एवढ्या ओळी ऐकल्या:

गोठ लपवले कापसात गं, गाठीत चिंचोके दोन,
पाटाच्या पाण्याले पुसते, पाठीशी माझ्या कोन?

"हे कोन वं माय?" माणिकनं विचारलं.

"कोनी नाई."

माणिक हसली. आईचं गाणं आणि कोणी नाही, असं कधी झालं नव्हतं. पण तिच्या डोक्यात सासर होतं, तिनं पुन्हा विचारलं नाही.

गावात त्या वर्षी पाटील महादेवरावाइतका कापूस कोणाचा नव्हता. भाव अजून चढेल म्हणून त्यानं अर्धा कापूस घरातच दाबून ठेवला आणि पोळ्याच्या सुमारास गाड्या भरून अमरावतीला काढला. त्या आधी श्रावणात, सणाला घालायला शोधल्या तेव्हा, त्याच्या बायकोच्या, पार्वताबाईच्या, दंडातल्या चांदीच्या वाक्या सापडल्या नव्हत्या. घरातली गोष्ट घरात ठेवायची म्हणून कोणी बाहेर बोललं नाही. सून जयवंता, अकोल्याकडची, सतरा वर्षांची, तिच्याकडं बोट दाखवावं असंही कोणाला वाटलं नव्हतं. मुलगा चंद्रभान तर म्हणाला होता की आईनंच कुठं ठेवल्या असतील.

गोदाबाईला यातलं काही माहीत नव्हतं. ती रोज त्यांच्या ओसरीवर वांग्यांची टोपली उतरवी, पाणी पिई आणि पुढं जाई.

कोजागिरीला महादेवरावाच्या अंगणात सगळ्या आळीच्या पोरी जमल्या. नवं गाणं म्हणून झालं. ओळखायची वेळ आली. शकुन नावाची सोनाराची पोर, जिभेनं भारी हलकी, ती टाळी वाजवून म्हणाली, "जयवंतावयनी!"

मग जुळवाजुळव सुरू झाली. गाण्यातल्या सुनेचं माहेर अकोल्याच्या वाटेवर, हिचंही तिकडंच. गाण्यातल्या विहिरीवर दोन रहाट, इथंही दोन. गाण्यातली सासू लंगडत चालते, पार्वताबाईचा गुडघा दुखतो. कापसाच्या गाड्या तर पोळ्यालाच गेल्या. प्रत्येक खुणेला पोरी हसत होत्या, आणि हसण्यात वाईट काही नव्हतं. त्यांना वाक्यांची वार्ता नव्हती. पार्वताबाई मात्र खिरापतीचा डबा हातात धरून उभी होती, ती तशीच उभी राहिली. जयवंता चुलीपाशी दूध ढवळत होती. तिचा हात थांबला.

सगळ्या गोदाबाईकडं पाहू लागल्या. तिनं मान हलवली नाही. म्हणाली, "ह्या साली कोनीच नाई, बायानो. नुसतंच गानं हाये."

त्यावर पोरी आणखी हसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाईला ओसरीवर बोलावणं आलं. महादेवराव माणूस वाईट नव्हता. गावात तंटा झाला तर लोक त्याच्याकडं जात, आणि तो दोन्ही बाजू ऐकून घेई. तिचीही बाजू त्यानं ऐकून घेतली. वाक्या गेल्याचं त्यानं तेव्हाच तिला सांगितलं. ऐकून गोदाबाई खांबाला टेकली. तेही त्यानं पाहिलं आणि मनात ठेवलं.

तिनं जमेल तसं समजावलं. दोन रहाटांच्या विहिरी गावात सात आहेत. अर्ध्या सुना अकोल्याच्या वाटेवरच्या. पन्नाशीनंतर कोणती सासू लंगडत नाही? आणि गाण्यात गोठ आहेत, वाक्या नाहीत. सुनेचं गाणं म्हटलं की विहीर आली, माहेर आलं, सासू आली. ते सगळ्यांच्या गाण्यात येतं, भुलाबाईच्याही येतं. गाणं वैशाखात केलं, वाक्या श्रावणात गेल्या. माणिकनं ऐकलंय.

"तुही लेक तुह्याच बाजूनं बोलंल," महादेवराव म्हणाला. "गोठ काय अन् वाक्या काय, चांदी ते चांदी. मले एक सांग बाई. दरसाल तुह्या गान्यात कोनी तरी असते. याच साली काहून नाई?"

याला उत्तर होतं, आणि ते एका शब्दाचं होतं.

पंचवीस वर्षांमागं गोदाबाई अकोल्याजवळच्या एका खेड्यात नवी सून होती. तिचा एकुलता भाऊ गाडीवान. त्याचा बैल मेला, दुसरा घ्यायला काही नव्हतं, आणि मागून आणलेला बैल जुंपून तो भाड्यानं तिच्या सासरचाच कापूस भरून न्यायला आला होता. तिनं सासूचे गोठ फडक्यात बांधले, कापसात खोल खुपसले, आणि गाठीत दोन चिंचोके घातले. लहानपणी दोघं भाऊबहीण चिंचोक्यांनी खेळत; गाठ चाचपली की त्याला कळावं ही कोणाची. त्याला कळलं. बैल आला. चोरीचा आळ आला तो धाकट्या जावेवर, दुर्गाबाईवर, कारण कापूस तिनं भरला होता. दुर्गाबाईला माहेरी धाडलं, ती परत आली नाही. तिच्या माहेरची माणसंही पुढं घाटाखाली निघून गेली. गोदाबाई तेव्हा बोलली नाही. भाऊ मेला, नवरा मेला, ती वलगावला आली, आणि माणिकच्या लग्नात हळद लावताना कुणीतरी दुर्गा नावाच्या बाईला हाक मारली. आठ दिवसांत गाणं झालं. सांगायचं तर होतं, पण कोणाला कळू नये असं सांगायचं होतं.

आता ओसरीवर तो शब्द, 'मी', तिच्या जिभेवर आला. आणि तिला चांदूर दिसलं. माणिकला सासरी जाऊन पाच महिने झाले होते. जिची आई सासूची चांदी चोरणारी, त्या सुनेच्या हातात तिथं कोण किल्ली देईल? घागर फुटली तरी तिचंच नाव.

"कोनी नाई, पाटील," ती म्हणाली. "देवाची आन."

महादेवरावानं मान डोलावली. खोटं बोलणारं माणूस आन लवकर घेतं, असं तो नंतर घरात म्हणाला. दाराआड जयवंता उभी होती, पदर तोंडात धरून.

मार्गशीर्षात नव्या कापसाच्या गाड्या निघाल्या, त्यातल्या एकीवर जयवंताला बसवलं. काही दिवस माहेरी राहून ये, असं तोंडानं सांगितलं. चंद्रभान संक्रांतीला आणायला जाईल असंही सांगितलं. चंद्रभान गाडीला हात लावून वेशीपर्यंत चालला आणि बापानं हाक मारल्यावर फिरला. गाडी वाडीच्या बांधाशी पाणी पाजायला थांबली तेव्हा गोदाबाई वांगी तोडत होती. जयवंता खाली उतरून तिच्यापाशी आली.

गोदाबाईला वाटलं, आता ही शिव्या देईल. पोरीनं शिवी दिली नाही. दीड महिना तिच्याशी घरात कोणी धड बोललं नव्हतं, त्यामुळं विचार करायला तिला वेळ मिळाला होता.

"मी वाक्या घेतल्या नाईत, गोदामाय."

"मले ठाऊक हाये, पोरी."

"मंग मी सारं गानं जुळवून पाह्यलं. विहीर आमची, सासू आमची, माहेर माहं. सारं जुळते. माह्या मनाले बी वाटून राह्यलं का, मीच तं नाई घेतल्या झोपीत. पन ते चिंचोके माहे नाईत. त्या गोष्टीले चिंचोक्याईचं कामच नाई. गाठ बांधाले चिंचोके कशाले लागते? ते कोनाचे हायेत?"

साऱ्या गावानं महिनाभर ते गाणं म्हटलं होतं. विहिरीबद्दल विचारलं, गुडघ्याबद्दल विचारलं. चिंचोक्यांबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

गाडीवानानं बैल जुंपले आणि हाक दिली. गोदाबाईनं पोरीचा पदर ओढून त्यात वांगी भरायला घेतली, एक, दोन, पाच, भरतच राहिली. जयवंता तिच्या तोंडाकडं पाहत होती. मग तिनं पदर सोडवून घेतला, वांगी बांधावर पडली, आणि ती गाडीत जाऊन बसली.

संक्रांत गेली. चंद्रभान गेला नाही. माघ गेला. फाल्गुनात माणिकला दिवस गेल्याची खबर चांदूरहून आली, सासरच्यांनी साखर धाडली होती. ती साखर फडताळात ठेवून गोदाबाईनं टोपली उचलली आणि ती महादेवरावाच्या ओसरीवर गेली. आता लेकीचे पाय त्या घरात रोवले होते. आता सांगता येईल असं तिनं ठरवलं. ठरवताना आपण भाव चढायची वाट पाहणाऱ्या कुणब्यांसारखंच केलं हेही तिला कळत होतं.

तिनं सगळं सांगितलं. भाऊ, बैल, दुर्गाबाई, गाठ. काही राखून ठेवलं नाही. पार्वताबाई भाकऱ्या थापायच्या सोडून बाहेर आली होती.

महादेवरावानं शेवटपर्यंत ऐकलं. साक्षीला कोण, असं विचारलं. भाऊ मेलेला, दुर्गाबाईचा पत्ता नाही, सासर उठून गेलेलं.

"बाई, तुह्या मनात पोरीची दया हाये, हे मले समजते," तो म्हणाला. "पन तू सुनेले वाचवाले सांगून राह्यली. गोष्ट मातर चांगली रचली. पुढच्या भुलाबाईले हेच घे."

"रचली नाई जी. माही हाये."

"अवं, चोर कधी ओसरीवर येऊन सांगते काय, का मी चोर हाये?" पार्वताबाई म्हणाली आणि भाकरी करपते म्हणून आत गेली.

जे खोटं होतं ते त्यांनी एका संध्याकाळीत खरं मानलं होतं. जे खरं होतं त्याला ते गोष्ट म्हणाले. गोदाबाई टोपली घेऊन उठली. त्या दिवशीही त्यांनी दोन शेर वांगी घेतली होती.

चैत्रात अकोल्याकडं पटकीची साथ आली. त्याच महिन्यात समुद्रापलीकडची लढाई संपत आल्याची बातमी पसरली आणि कापसाचा भाव असा पडला की दाबून ठेवणाऱ्यांना गाडीभाडं निघेना. ज्येष्ठात महादेवरावानं अंगणात जमिनीखाली बुजवलेलं ज्वारीचं पेव उघडलं. जुनी ज्वारी उपसताना वरच्याच थरात एक तांब्याचा लोटा निघाला, तोंडाला फडकं बांधलेला. त्यात वाक्या होत्या. माणिकच्या लग्नाआधीच्या माघात, कापसाच्या पैशामागं चोर फिरतात असं ऐकून, पेव बुजवायच्या दिवशी पार्वताबाईनंच तो आत ठेवला होता. लोटा पाहिल्यावर तिला आठवलं.

महादेवराव स्वतः वाडीवर आला. बांधावर बसला. गोदाबाईला वाटलं, याला आता कळलं.

"तुहं खरं होतं बाई," तो म्हणाला. "ते गानं आमचं नव्हतंच. तुह्या गान्यात कापूस, इथं पेव. तुह्या गान्यात गोठ, इथं वाक्या. काई जुळतच नाई. योगायोग म्हनाचा अन् काय."

गोदाबाईनं विचारलं, चंद्रभान माहेरी निरोप घेऊन गेला का. महादेवराव खाली पाहत म्हणाला, निरोप कोणाला द्यायचा. मग त्यानं मिरच्यांचं पीक कसं आहे ते विचारलं आणि तो गेला.

आश्विनात पोरी नवं गाणं मागायला आल्या तेव्हा गोदाबाईनं दार लावून घेतलं. पोरींनी मागल्या सालचंच म्हटलं. चाल चांगली होती. वलगावात ते पुढं कैक वर्षं म्हणत, आणि ते कोणाचं, असं कोणी विचारीत नसे.

जयवंता शके सतराशे सत्त्याऐंशीच्या चैत्रात, पेव उघडायच्या दोन महिने आधी, अकोल्याजवळ माहेरी पटकीनं वारली. तिला अठरावं लागलं होतं. गोदाबाई शके सतराशे नव्याण्णवच्या भादव्यात वलगावला वारली.