पर्वत पाटियाच्या पुढे

गायत्रीने फाइल मांडीवर उघडली आणि कागद पुन्हा मोजले. आधारची झेरॉक्स, दहावीची मार्कशीट, बारावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, चार फोटो. सकाळपासून हे चौथ्यांदा. कागदांना काही पाय फुटणार नव्हते, पण हातांना काहीतरी चाळा हवा होता.

"मम्मी, बस ना आता," चंचल म्हणाली. "आत घेतल्यावर ते मोजतीलच."

"एखादा राहिला तर?"

"एखादा राहिला तर आपण परत जाऊ आणि तू मला घरापर्यंत बोलशील. राहिलेला नाहीये."

गायत्रीने फाइल मिटली. सुरतेतल्या वेसूच्या त्या कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर एसीचा गारवा होता आणि फरशीत ट्यूबलाइट दिसत होत्या. आल्याबरोबर तिने आधी मुलींच्या बाथरूमची कडी लावून पाहिली होती. कडी व्यवस्थित लागत होती. डिंडोलीच्या कॉलेजातली मोडकी होती, दाराला आतून दोरी बांधली होती. गेटवरचा वॉचमन मुलींकडे न बघता रजिस्टरकडे बघत होता, हेही तिने टिपलं होतं. अशा बारीकसारीक गोष्टी ती जमवत होती. मोठी गोष्ट मात्र अजून ठरत नव्हती.

कॉलेजं दोन, आणि दोन्हीकडे बीबीएच. डिंडोलीचं घरापासून पंधरा मिनिटांवर, निम्मी मुलं खानदेशातली. तिथल्या यादीत चंचलचं नाव लागलं होतं. तिथले क्लार्क योगेशभाऊ मूळचे शिरपूरकडचे. सकाळीच त्यांचा फोन आला होता, "ताई, आज पाचच्या आत कागद जमा करा. पाच वाजून एक मिनिट झालं की सीट पुढच्या नंबरची. मग म्हणू नका, भाऊ आपला माणूस असून सांगितलं नाही." वेसूचं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोन बसा बदलून सव्वा तास. इथे आधी मुलाखत, मग हो किंवा नाही. शेवटच्या वर्षाची मुलं हजीऱ्याला कंपन्यांत शिकायला जातात, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. ते वाक्य चंचलने घरी दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं होतं, आणि दोन्ही वेळा "असंच, वाचलं," असं म्हणून पान उलटलं होतं.

तुला कुठलं हवं, असं विचारलं की पोरीचं उत्तर एकच. "तू म्हणशील ते." पाहुण्याने चहा की कॉफी विचारल्यावर म्हणावं, तसं.

नवरा गजेंद्र बमरोलीच्या कापडमिलमध्ये फोल्डिंग खात्यात मास्तर होता. त्याने तर केव्हाच हात वर केले होते. "तू शिकेल शे, तूच ठरव. माले काय समजस?" तो हे कौतुकाने म्हणायचा. गायत्रीला मात्र ते कौतुक वाटायचं नाही. बीएची शेवटची परीक्षा तिने चंचल पोटात असताना अमळनेरला दिली होती. त्या डिग्रीचा एकोणीस वर्षांत एवढाच उपयोग, की काही चुकलं तर लोक म्हणणार, आई शिकलेली होती ना?

समोरच्या बाकावर एक बाई आपल्या मुलीला घेऊन बसली होती. गुलाबी पंजाबी ड्रेस, केसांवर चढवलेला गॉगल. ती फोनवर गुजरातीत बोलत होती, ठसक्यात, आजूबाजूला कोणी ऐकतंय याची पर्वा नसल्यासारखी. गायत्रीने नकळत आपले पाय बाकाखाली घेतले. चपलेच्या पट्ट्याला सकाळचा चिखल तसाच होता.

"मोरे चंचल!" आतून हाक आली. "वाली साथे."

म्हणजे पालकाबरोबर. गायत्रीने चंचलची ओढणी खांद्यावर सारखी केली. ही ओढणी तिनेच घ्यायला लावली होती, यावरून सकाळी दहा मिनिटं वाद झाला होता.

आत देसाई मॅडम एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, चष्म्याला साखळी. त्यांनी फाइल समोर उघडून ठेवली आणि हसून चंचलला विचारलं, "क्यां रहो छो?"

चंचलने तोंड उघडायच्या आत गायत्री बोलून गेली, "पर्वत पाटिया."

हे ठरवून झालं नव्हतं. तोंडाला ती सवयच होती. गावी गेल्यावर सांगायचं, सुरत. सुरतेत सांगायचं, पर्वत पाटिया. तिथून पुढे कामगारांच्या वस्तीचं गोडादरा लागतं, घर तिथे आहे, हे फक्त कुरिअरवाल्याला सांगायचं. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गायत्री एका शाळेत नोकरी विचारायला गेली होती. तिथल्या बाईंनी मार्कशीट कौतुकाने पाहिली, मग कुठे राहता म्हणून विचारलं. गोडादरा म्हटल्यावर त्या हसल्या आणि फाइल मिटून म्हणाल्या, लांब पडेल तुम्हाला. खरंच लांब होतं कदाचित. पण ती फाइल मिटण्याचा आवाज गायत्रीच्या कानातून गेला नाही. त्यानंतर ती जिथे तिथे पर्वत पाटियाचीच झाली.

चंचलने एकदा आईकडे पाहिलं. मॅडमनी कागदावर नजर टाकली, मान हलवली आणि पुढचा प्रश्न घेतला. बारावीला कुठले विषय आवडले, मोकळ्या वेळात काय करतेस. चंचल छान बोलत होती. सफाईदार गुजराती, मध्ये योग्य जागी इंग्रजी. गायत्रीच्या खांद्यांतला ताण जरा सैल पडला.

"आता एक सांग," मॅडम खुर्चीत मागे रेलल्या. "पुस्तकातलं नको. तुझ्या आजूबाजूला रोज दिसतो असा एखादा धंदा सांग. छोटा असला तरी चालेल. तो चालतो कसा?"

गायत्रीच्या जिवात जीव आला. याचं उत्तर तर पोरीच्या हातात होतं. गल्लीतली मंगलाबाई रिंग रोडच्या मार्केटमधून साड्या आणायची आणि लेस, टिकल्या लावायला चाळीस घरांत वाटायची. नेहमी गोंधळ व्हायचा. हिची साडी तिच्या गठ्ठ्यात, मग भांडणं. नववीत असताना चंचलने त्यावर तोड काढली. प्रत्येक घराच्या गठ्ठ्याला वेगळ्या रंगाच्या चिंधीची गाठ. लिहिता-वाचता न येणारी धुरपदाबाईसुद्धा आपली हिरवी गाठ लांबून ओळखायला लागली. भांडणं थांबली. मंगलाबाई गल्लीत सांगत फिरायची, "ही पोर म्हणजे माझी मॅनेजर आहे, पगार तेवढा द्यायचा राहिलाय."

चंचल पुढे सरकून बसली. डोळे चमकले. "अमारी गलीमां..." तिने सुरुवात केली.

आणि थांबली.

"हां, तुमच्या गल्लीत?" मॅडमनी उचलून धरलं.

या वेळी चंचलने आईकडे पाहिलं नाही. ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं. "तिथे एक मोबाईलचं दुकान आहे," ती म्हणाली. मग मागणी, पुरवठा, ग्राहकाचं समाधान. बारावीच्या पुस्तकाचं तिसरं प्रकरण. मॅडम दोन वाक्यं ऐकून कागदाकडे बघायला लागल्या. कोपऱ्यात काहीतरी बारीक लिहिलं.

"ठीक छे. बहार बेसो. पंधरा मिनिटांत सांगते."

बाहेर आल्यावर चंचल सरळ कूलरपाशी गेली आणि दोन ग्लास पाणी प्यायली. गायत्री मागोमाग गेली.

"मंगलाबाईचं का नाही सांगितलंस?"

"सुचलं नाही."

"चंचल."

"पर्वत पाटियाला कोण घरी बसून साड्यांना लेस लावतं, मम्मी? मॅडम इथल्याच आहेत. त्यांनी गल्ली विचारली असती."

"मग सांगायची होतीस गल्ली."

"मग तू खोटी पडली असतीस."

हे ती चिडून बोलली नाही. बसचा नंबर सांगावा तसं बोलली. ग्लास कूलरवर उपडा ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं. "पावणेचार झालेत. चारची थेट बस मिळाली तर पाचच्या आत डिंडोलीला पोचू. फाइल परत मागू आणि डिंडोलीचंच घेऊन टाकू. जवळ पडतं."

जवळ पडतं. गायत्रीला आधी हायसं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर, पाठीवरचं ओझं कोणीतरी उतरवून घ्यावं तसं वाटलं. ठरलं. आपल्याला ठरवावं लागलं नाही. आणि मग त्या हायसं वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली, की तिने पिशवी छातीशी घट्ट धरली.

"इकडे बघ," ती म्हणाली. "मी म्हणेन ते नको. पप्पा म्हणतील ते नको. तुला कुठलं हवंय?"

चंचल बघत होती भिंतीवरच्या फलकाकडे. तिथे हजीऱ्याच्या बंदरावर पिवळी हेल्मेटं घालून उभ्या असलेल्या मुलामुलींचा फोटो होता.

"हे," ती म्हणाली. इतकं हळू, की गायत्रीला ते ओठांवरूनच कळलं. "पण इथे दर दोन महिन्यांनी वालीमीटिंग असते. मी विचारलंय. तुला यावं लागेल."

"मग येईन की."

"प्रत्येक वेळी कोणीतरी विचारणार, कुठून आलात." चंचलने नखाने ग्लासवरचा थेंब पुसला. "डिंडोलीला कोण विचारत नाही. सगळ्यांना माहीतच असतं."

म्हणजे इतक्या दिवसांचं 'तू म्हणशील ते' हे होतं. कड्या, वॉचमन, बसा, सगळं गायत्रीने डोळ्यांत तेल घालून पाहिलं होतं. पोर मात्र तिच्याकडे पाहत होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

तिने पाण्याची बाटली आणि पिशवी चंचलच्या हातात कोंबली.

"कुठे चाललीस? मम्मी, बस जाईल."

"जाऊ दे."

गुलाबी ड्रेसवाली बाई मुलीला घेऊन दारापाशी उभी होती, आता त्यांचाच नंबर. "एक मिनिट, बेन," असं पुटपुटत गायत्री त्यांच्या पुढून आत शिरली. मागून नाराजीचं 'च्च' ऐकू आलं.

मॅडमनी वर पाहिलं. गुजराती वाक्य गायत्रीने दारापर्यंत जुळवत आणलं होतं. टेबलापाशी पोचल्यावर त्याचे तुकडे झाले.

"मॅडम, ते... अमे पर्वत पाटिया नथी रहेता. गोडादरा. गोडादऱ्याला राहतो आम्ही."

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांनी चंचलची फाइल गठ्ठ्यातून ओढली, पहिलं पान गायत्रीकडे फिरवलं आणि आधारच्या झेरॉक्सवर पेनचं टोक ठेवलं.

"ए तो लख्युं ज छे, बेन."

लिहिलेलंच होतं. गोडादरा. खाली गायत्रीचीच सही, आदल्या दिवशी चौकातल्या दुकानात केलेली. चार वेळा मोजलेला कागद. तिचे कान तापले. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला येतं," ती म्हणाली. आता सरळ मराठीतच. "माझ्यामुळे तिने सांगितलं नाही. एकदा पुन्हा विचारा. मी नसेन इथे."

मॅडमनी घड्याळ पाहिलं, मग गायत्रीकडे. चष्मा काढून साखळीवर सोडला.

"मोकलो एने. तमे बहार बेसो."

पिशवी आईकडे देऊन चंचल आत गेली. दार लागलं. दाराला काचेची उभी पट्टी होती, वीतभर रुंद. गायत्री बाकाच्या अशा टोकाला बसली की पट्टीतून दिसावं. आवाज मुळीच येत नव्हता. पोरीची पाठ दिसत होती, वेणी, आणि हात. आधी मांडीवर गप्प. मग एक हात उठला. मग दोन्ही. चंचल हवेत साडीची घडी घालत होती. मॅडम पुढे वाकल्या. चंचलने ओढणीचं टोक ओढून घेतलं, त्याची गाठ मारली, दुसऱ्या टोकाची मारली, आणि दोन्ही गाठी मॅडमसमोर धरल्या. मॅडमनी त्यातली एक बोटांत धरून पाहिली.

पिशवीत फोन थरथरायला लागला. योगेशभाऊ. भिंतीवर चार वाजून गेले होते. गायत्रीने फोन उचलला नाही, कापलाही नाही. पिशवीवर हात ठेवून तो थांबेपर्यंत तशीच बसून राहिली.

गुलाबी ड्रेसवाली बाई शेजारी येऊन बसली. तिचा नंबर लांबला होता. बोटं फाइलच्या कडेवर टकटक करत होती. जरा वेळाने तिने विचारलं, "क्यांथी आवो छो?"

"गोडादरा," गायत्री म्हणाली. काचेवरची नजर तिने काढली नाही.

फाइलवरची टकटक थांबली. बाईने केसांवरचा गॉगल काढला, मिटला, पर्समध्ये ठेवला. आत जाण्यासाठी ताटकळलेल्या आपल्या मुलीकडे एकदा पाहिलं. मग आवाज बराच खाली आणून म्हणाली, "आम्हीपण तिकडचेच की. पर्वत पाटिया."

तिचं मराठी थेट धुळ्याकडचं होतं.

गायत्रीने आता तिच्याकडे वळून पाहिलं. पर्वत पाटियात कुठे, हा प्रश्न अगदी ओठांवर आला होता. तिने तो विचारला नाही. जरा सरकून बाकावर जागा केली, म्हणजे त्या बाईलाही काचेतून आतलं दिसावं.