दुसऱ्या बाजूचा माणूस

मला वंशावळींचं वेड आहे, हे आधीच कबूल करतो. त्यामुळे तिसरीतली माझी लेक इशिता "बाबा, सोशल स्टडीजमध्ये आमचं ट्लिंगिट युनिट चालू आहे, फॅमिलीची नावं हवीत," म्हणाली, तेव्हा मला हर्षवायू व्हायचाच बाकी होता. आमचा जाडजूड कुलवृत्तांत काढून तिच्या चार्टवर अकरा पिढ्या उतरवून दिल्या. बाप, त्याचा बाप, त्याचा बाप.

दुसऱ्या दिवशी चार्ट परत आला.

"इट्स ऑल राँग, बाबा! ट्लिंगिट लोकांत मूल आईच्या कुळाचं असतं. आई, तिची आई, मग तिची आई. मिस पॉला म्हणाल्या, आमची कुळं उसनी घेऊ नका, स्वतःचीच सांगा, फक्त आमच्यासारखी, आईकडून."

मिस पॉला म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावात, इशिताच्या शाळेत दर मंगळवारी शिकवायला येणाऱ्या, अलास्काच्या ट्लिंगिट या आदिवासी जमातीच्या बाई.

मी चिडलो. मग आईकडची नावं लिहायला पेन उचललं. माझ्या बायकोला, सुमेधाला, जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिच्या आजीचं नाव मला ठाऊक नव्हतं. दहा वर्षांच्या संसारात विचारायचं सुचलंच नव्हतं.

"मग क्लासमध्ये मी कोणाची सांगू?" इशिताने विचारलं.

नावं सांगू शकणारं एकच माणूस होतं, नागपूरच्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आठ महिन्यांत फोन केला नव्हता. त्या फोनवर रडायच्या, मला ते झेपायचं नाही, आणि मी कामाचं निमित्त पुढे करायचो. रविवारी सकाळी नंबर फिरवला, "आई, इशिताला बोलायचंय," म्हणत फोन तिच्या हातात कोंबला आणि स्वयंपाकघरात पळालो. भित्रा तो भित्राच. पोरगी तासभर वहीत लिहीत होती.

मंगळवारी पालकांनाही बोलावलं होतं. इशिता उभी राहिली आणि इंग्रजीत सांगू लागली. मी इशिता, सुमेधाची मुलगी. सुमेधा पद्मजाची, पद्मजा यमुनेची, यमुना ठकूची. आई आता नाही, पण मी तिच्याच घरची आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अँड माय बाबा इज फ्रॉम द अदर साइड."

अकरा पिढ्यांचा वारस तिथे बुटक्या खुर्चीवर बसला होता. मला लागलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असावं.

"दुसरी बाजू, म्हणजे बापाची बाजू, परकी नव्हे," मिस पॉला वर्गाला म्हणाल्या. "आमच्यात एखाद्या कुळातलं माणूस गेलं, की त्या कुळाने फक्त दुःख करायचं. बाकी सगळं दुसरी बाजू करते. रांधते, खांदा देते, जवळ बसते. इशिता, तुझ्यासाठी हे कोणी केलं?"

"बाबांनी. वेण्यासुद्धा!"

मुलं हसली. मी नाक पुसलं.

घरी येताना मात्र चैन पडेना. त्या कुळात एकटी इशिताच नव्हती. लेक गमावलेली एक बाईही होती, आणि तिच्याजवळ बसायचं काम माझंच होतं.

नागपुरात उजाडल्यावर मी फोन लावला.

"इशिता बरी आहे ना?" सासूबाईंनी घाबरून विचारलं.

"बरी आहे. आज मलाच बोलायचंय."

त्यांना हुंदका आला. सवयीने म्हणाल्या, "ठेवते हं, तुम्हाला काम असेल."

"नाही आई," मी म्हणालो. "रडा तुम्ही. मी बसलोय."