तांब्याचं डोकं

"वाढलं! दोन बोटं वाढलं!" बजाजनगरातल्या मांडवात एकच गलका झाला. टँकरच्या रांगेत हंडे तसेच टाकून बाया धावल्या.

दर गुरुवारी इथं बसणारा बाबा छोट्या सत्यमच्या डोक्याभोवती सुती दोरा ताणून उभा होता. मागल्या गुरुवारी ह्याच दोऱ्याची टोकं जुळली होती, आज जुळेनात. "तीर्थात बुडवलेला दोरा खोटं बोलत नाय! घराण्याचा शाप फिटला! आता खुशाल सोयरीक करा!" काय पण थाट!

सत्यम मी शिकवतो त्या शाळेतला. डोकं जन्मापासून फार लहान. बोलणं चार शब्दांचं, हसणं मात्र घरभर. त्याचे आईबाप, साळूबाई आणि रामहरी, सख्ख्या मामा-आत्याची लेकरं. आता त्यांच्या थोरल्या लेकीला, दिपालीलाही, तिच्या आत्यानं, आक्काबाईनं, आपल्या लेकासाठी, रामेश्वरसाठी मागितलं होतं. सत्यमला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी दोघांची तपासणी करा, म्हणून लग्न अडलेलं. ते बाबानं एका दोऱ्यात सोडवलं. माझं टाळकंच सरकलं.

बाबाला दोरा साळूबाईनंच दिला होता; तिच्याकडून त्याच रिळातला कोरा तुकडा घेतला, तांब्याभोवती बरोबर बसेल असा कापला, टँकरच्या पाण्यात भिजवून वाळवला. पुढच्या गुरुवारी भर मांडवात तो तांब्याला गुंडाळला. टोकं जुळेनात.

"बाबा, माझ्या तांब्याचंही डोकं वाढलं की हो! ह्याचा कुठला शाप फिटला?"

कोरं सूत भिजून वाळलं की आटतं. ब्लाउजचं अस्तर भिजवल्याशिवाय कोण शिवतं? बायाच आधी हसल्या. "देवाची चेष्टा करता व्हय?" म्हणत बाबा मांडवामागून सटकला.

साळूबाई हसली नाही. "सर, तेवढी दोन बोटं तरी राहू द्यायची व्हती."

मला फार वाईट वाटलं. तिच्याजवळ बसून डॉक्टरीणबाईंचं सांगणं पुन्हा सांगितलं. एका पेशीच्या दोन होताना आतले धागे तिच्यातली गुणसूत्रं दोन्हीकडं ओढतात. त्या धाग्यांचा खुंटा म्हणजे सेंट्रोसोम. खुंट्यातलं एक प्रथिन ज्या जनुकावरून घडतं, तोच बिघडलेला असला की पोटातच मेंदूच्या पेशी कमी पडतात. एक बिघडलेला जनुक आईकडून, एक बापाकडून, दोन्ही आले तरच असं होतं. नात्यात लग्न झालं की दोघांकडं तो असण्याची भीती जास्त. शाप नाही, कुणाचं पाप नाही.

"म्हंजी दिपालीच्या लेकराला बी?"

"होईलच असं नाही. पण होऊ शकतं."

ती सत्यमच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग शेजारी बसलेल्या आक्काबाईकडं वळली. "वन्सं, पोरगी तुमची भाचीच राहू द्या. सून नको."

आक्काबाई ताडकन उठून गेली. दिपाली रडत होती. सुटली म्हणून की सोयरीक तुटली म्हणून, मी विचारलं नाही.

लोकहो, लेकरासाठी नवस बोलायच्या आधी, नात्यात सोयरीक जमवायच्या आधी, एकदा डॉक्टरला विचारा. सत्यमला बरं करणं कुणाच्याच हाती नाही. त्याला शाप म्हणायचं बंद करणं आपल्या हाती आहे.