एकशे अठ्ठेचाळीस किलोची भाकड

मादी काट्याला लटकली, आकडे थोडे खालीवर नाचले आणि एकशे अठ्ठेचाळीसवर येऊन थांबले. तुरिदला आधी काट्याचाच संशय आला. काट्यावर संशय घेणं केव्हाही सोपं, तो रुसत नाही.

"एम्ब्रिक, जरा लोंबकळ इथे," ती म्हणाली.

"मी? माझी अजून कातडी काढायचीय."

"लोंबकळ म्हणते ना."

एम्ब्रिक म्हणजे शिकारीच्या टोळीतला सगळ्यात अगडबंब गडी. त्याने दोन्ही हातांनी काट्याचा लोखंडी आकडा धरला, पाय पोटाशी घेतले आणि काट्याने निर्लज्जपणे एकशे बारा दाखवले.

"घरी तर एकशे चार भरतो मी."

"घरचा काटा तुझ्या बायकोने लावलाय. तिला दया येते तुझी," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, आणि शेडमधले दहाही जण खोखो हसले. तुरिद हसली नाही. तिने मेंढ्यांच्या खाद्याचं पन्नास किलोचं पोतं आकड्याला अडकवलं. बरोब्बर पन्नास. म्हणजे काटा खरा बोलत होता.

मग खोटं कोण बोलत होतं?

एकोणीस वर्षं या शेडमधला प्रत्येक एल्क, घोड्याएवढं ते रानातलं सांबर, तुरिदच्या हातून तोलला गेला होता. डोकं, कातडं, खुर, आतडी सगळं बाजूला काढून उरेल ते वजन. भिंतीवर तिचा तक्ता होता. आडव्या ओळी तीन: पाडस, दीड वर्षाचं, मोठं. उभे रकाने दोन: नर आणि मादी. पण मोठ्या मादीचा रकाना मधून चिरलेला होता, एका बाजूला दुभती, दुसऱ्या बाजूला भाकड. कारण त्या दोघींचं वजन एकत्र मोजणं म्हणजे शुद्ध फसवणूक. भाकड मादी उन्हाळाभर खाते ते स्वतःच्या अंगावर चढवते आणि ऑक्टोबरात एकशे ऐंशीला टेकते. दुभतीचं सगळं दुधातून वाहून जातं, ती एकशे साठच्या आसपास रेंगाळते. आणि जिला जुळं असतं, तिच्या तर फासळ्या मोजून घ्याव्यात.

ही मादी हालवरने, तुरिदच्या थोरल्या भावाने, काल दुपारी मारली होती. टोळीच्या रेडिओवर तो म्हणाला होता, "मादी पडली. एकटी होती. भाकड." बाकीचे पोचेपर्यंत त्याने तिचं पोट एकट्यानेच साफ करून ठेवलं होतं. आतडी जंगलात, आणि कासही जंगलात.

तुरिदने खालचा जबडा उचलून खिडकीपाशी नेला. दाढा जेमतेम झिजलेल्या. सहा-सात वर्षांची, ऐन भरातली. एकोणीस वर्षांत या तक्त्यात एकतीस भाकड माद्या आल्या होत्या. त्यातली सगळ्यात हलकी एकशे एकोणसत्तर होती, आणि तिला म्हातारपणी धड चावताही येत नव्हतं.

तरीही टोळीप्रमुख ओस्मुंड "काय लिहितेस?" म्हणाला तेव्हा तिने लिहिलं: मोठी, मादी, भाकड, १४८. तिचंच अक्षर, नेहमीसारखं सुबक.

हालवर बाहेर नळाखाली सुरी धूत होता. धुवून झालेली सुरी पुन्हा धूत होता.

"एकशे अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

"ऐकलं."

"सात वर्षांची भाकड, एकशे अठ्ठेचाळीस?"

"उन्हाळा वाईट गेला."

"उन्हाळा सगळ्यांनाच वाईट गेला. परवाची भाकड एकशे शहात्तर भरली."

"मग मी काय करू, तिला खाऊ घालायला गेलो होतो का?"

"हालवर, कासेत दूध होतं का?"

त्याने नळ बंद केला. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण मान अशी खाली घातली, जणू शाळेत काच फोडून आलाय.

"होतं," तो म्हणाला. "पोट फाडलं तेव्हा कळलं. तुझी शपथ, पाडस दिसलं नव्हतं मला."

या खोऱ्यात एक गोष्ट चालायला लागायच्या आधी शिकवतात: पाडसाआधी आईला मारायचं नाही. हिवाळ्यात छातीएवढ्या बर्फात आईच पुढे होऊन वाट फोडते. आई गेली की पाडस उभ्या उभ्या उपाशी मरतं. आता चूक कुणाच्याही हातून होते. झाली तर तिथल्या तिथे रेडिओवर सांगायचं. मग सगळी टोळी हातातलं सोडून पाडसाच्या मागे लागते आणि त्याला मारूनच घरी येते, आणि त्या माणसाला कुणी चकार शब्द बोलत नाही. पण लपवलं तर माफी नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"तुला माहितीये का नाही ते."

तिला माहीत होतं. गेल्या वर्षी हालवरने एक नर नुसताच जखमी करून पळू दिला होता, अख्खी टोळी दोन दिवस रक्ताच्या थेंबांमागे हिंडली होती. तेव्हा ओस्मुंड सगळ्यांसमोर म्हणाला होता, आणखी एक चूक आणि तुझी बंदूक खुंटीला. बायको गेल्यापासून हालवर वर्षातले सहा आठवडेच जगत असे, दलदलीच्या कडेला, शिकारीला दबा धरून बसायला बापाने ठोकलेल्या फळकुटावर. बाकीचे शेहेचाळीस आठवडे तो शिकारीची वाट बघत असे.

"अंधार पडेपर्यंत थांबलो मी तिथे," तो म्हणाला. "नाही आलं. उद्या नक्की येईल. येतातच ती. आपण दोघंच जाऊ, तुरिद. मग मी म्हणेन, चुकलेलं पाडस होतं, मारलं. कुणाचं काय जातंय?"

शेडमधून कॉफीचा वास येत होता. ओस्मुंड वीस पावलांवर होता. अजून तीन तास उजेड होता आणि दहा माणसं, चार कुत्री तयार होती.

"उद्या पहाटे," तुरिद म्हणाली.

पहाटे दोघं दलदलीपाशी जाऊन बसली. आतड्यांचा ढीग थिजला होता, त्यावर कावळे. पाडसाने आईला जिथे शेवटचं पाहिलेलं असतं तिथेच ते परत येतं, त्याला दुसरा पत्ता ठाऊकच नसतो. आलंही ते. उजाडता उजाडता बर्चच्या रोपांतून बाहेर आलं, लांबलचक पायांचं, जणू कुणा थोरल्याचे पाय मागून आणलेत. ढिगापाशी थांबून त्याने नाक खाली घातलं.

"मार," तुरिद पुटपुटली.

"कुठंय?"

"समोर. ढिगापाशी."

हालवरची बंदूक इकडून तिकडे फिरत राहिली. तिने त्याची हनुवटी धरून वळवली, आपल्या नातवंडाची धरावी तशी. मध्ये साठ पावलंही नव्हती.

"धुकं आहे," तो म्हणाला.

धुकं नव्हतं. हवा काचेसारखी स्वच्छ होती. त्या क्षणी तुरिदला कळलं की परवा याला पाडस दिसलं नाही हे अगदी खरं होतं, आणि ते खोटं असतं तर बरं झालं असतं. तिने त्याच्या हातातून बंदूक काढून घेतली आणि स्वतः गोळी झाडली.

पाडस मादी होतं. हातानेच अंदाज आला, पन्नासच्या पुढे-मागे. हालवरने खिशातून तपकिरी चीज लावलेली भाकरी काढली, अर्धी तिला दिली. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण सुटला होता.

"झालं. सुटलो."

तुरिदने भाकरी हातातच धरून ठेवली.

"एकाने एवढी उतरत नाही, हालवर."

"काय?"

"एका पाडसाची आई एकशे साठ भरते. बारा किलो कुठे गेले?"

"अगं, दर वेळी तुझ्या तक्त्यासारखंच..."

"जुळं होतं. जुळ्यांच्या आया एकशे पन्नासच्या खालीच भरतात, माझ्याकडे नऊ जणी आहेत."

"मग ते आलं का नाही हिच्याबरोबर?"

याचं उत्तर तक्त्यात नव्हतं. कदाचित रात्रीतून फुटलं असेल, कदाचित आत्ताच्या गोळीच्या आवाजानेच उधळलं असेल. ती थांबली. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला पावसात बर्फ मिसळायला लागला आणि जमिनीवरचे खुरांचे ठसे एकेक करून पुसले गेले. कुत्र्यांनाही आता वास लागणार नव्हता. कालच्या उजेडात दहा माणसं रांगेने चालली असती तर दोन्ही सापडली असती, दुपारच्या कॉफीआधी.

तिने रेडिओ तोंडाशी नेला.  हालवरने नुसती बंदुकीतली उरलेली गोळी काढून खिशात टाकली.

टोळी आली, पाच दिवस रान पालथं घातलं. ओस्मुंडने हालवरला दोन वाक्यांत टोळीतून मोकळं केलं, तेही हळू आवाजात. मग तो तुरिदकडे वळला.

"तुला कधी कळलं?"

"काट्यावरच."

"आणि लिहिलंस भाकड."

"हो."

तो पाठ फिरवून कुत्री बांधायला गेला. ते तिला जास्त लागलं. तक्त्यावरची ओळ तिने खोडून दुभतीच्या रकान्यात घेतली, पण खोडलेलं खालून दिसतच होतं.

फेब्रुवारीत एम्ब्रिक लाकडं आणायला वर गेला आणि बर्फाच्या स्कूटरमागे स्लेजवर काहीतरी बांधून परत आला. तो सरळ तुरिदच्या दारात आला. एरवी दारातूनच तिची थट्टा सुरू करणारा माणूस, त्या दिवशी टोपी काढून उभा राहिला.

"रस्त्याच्या खाली होतं, ओढ्यात. गाभ्यापर्यंत साली कुरतडल्या होत्या त्याने. जिथे तोंड पोचत होतं तिथल्या सगळ्या."

"नर?"

"नर."

"हेच कशावरून?"

"कशावरूनच नाही," एम्ब्रिक म्हणाला. "पण तुला न सांगता पुरलं असतं तर बरं वाटलं नसतं."

मेलेलं सापडलेलं जनावर तोलत नाहीत. तक्ता शिकारीचा असतो, मरणाचा नव्हे. तरी तुरिदने शेडचं कुलूप काढलं, काट्याला नवीन बॅटरी घातली आणि दोघांनी मिळून ते उचललं. खरं तर तिला एकटीलाही उचलता आलं असतं. कातडं, डोकं, खुर, आतडी सगळ्यासकट बेचाळीस किलो.

"एवढंच?" एम्ब्रिक म्हणाला.

हालवर रस्त्यावरून येताना दिसला; स्कूटरचा आवाज ऐकून निघाला असणार. दारात येऊन त्याने डोळे बारीक केले आणि आकड्याला लटकलेल्या काळ्या आकाराकडे बघत राहिला.

"काय आहे ते?" त्याने विचारलं.

एम्ब्रिकने तुरिदकडे पाहिलं. तुरिद भावाजवळ गेली, त्याचा हात धरून त्याला काट्यापाशी आणलं आणि त्याची बोटं त्या फासळ्यांवर ठेवली.