बावीस पावलं

चेंडू बॅटची कड घेऊन निघाला आणि पहिल्या स्लिपपुढे हातभर अंतरावर टप्पा पडून तिथल्या क्षेत्ररक्षकाच्या नडगीवर आदळला. गोलंदाज, म्हणजे तोफ, खेळपट्टीच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभा राहिला. सकाळपासून ही दुसरी वेळ.

"वाकायला मुहूर्त लागतो का रे तुला?"

स्लिपवाला नडगी चोळत यष्टिरक्षकाकडे पाहू लागला. यष्टिरक्षक ग्लोव्हजचे पट्टे घट्ट करण्यात गुंतला.

तोफ हे संघाने चौदा वर्षांपूर्वी ठेवलेलं नाव. आठ महिन्यांपूर्वी त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यानंतरचा हा पहिलाच मोठा सामना. वर सज्जात निवड समितीचे दोघे वही घेऊन बसले होते. पस्तिशीतल्या वेगवान गोलंदाजाला दुसरा सामना मिळत नाही, हे संघात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणी ते बोलत नव्हतं.

वेगाची मात्र त्याला काळजी नव्हती. मैदानावर वेग मोजायचं यंत्र नव्हतं, पण त्याला त्याची गरज कधी पडलीच नव्हती. गोलंदाजाचा वेग यष्टिरक्षकाच्या जागेवरून कळतो. चेंडू जितका जोरात, तितका तो मागे. आणि यष्टिरक्षक, म्हणजे तोफेच्या बायकोचा धाकटा भाऊ, आजही स्टंपपासून बावीस पावलांवर उभा राहत होता. ऑपरेशनच्या आधी राहायचा तिथेच.

चहाच्या सुट्टीत तोफ खोलीत आला, तेव्हा मेहुणा कोपऱ्यात बसला होता. दोन्ही हातांची बोटं बर्फाच्या बादलीत.

"जावयाचा मान ठेवायचा म्हणजे बोटं मोडून घ्यावी लागतात," स्लिपवाला म्हणाला.

सगळे हसले. तोफही हसला. मग एकेक जण आपापल्या कपात पाहू लागला आणि हसणारा तो एकटाच उरला.

त्याने बादलीत पाहिलं. पूर्वी त्याचे चेंडू झेलून मेहुण्याचे तळवे लाल व्हायचे. बोटं कधी सुजली नव्हती. चेंडू पोहोचायच्या आत पुढ्यात टप्पा पडून उसळला, की मार बोटांना बसतो. भिंतीला टेकवलेल्या पॅडवर चेंडूचे लाल डाग होते, ते सगळे घोट्यांपाशी.

"खूप दुखतंय?"

"छे हो, भाऊजी. ताईला सांगू नका, तेवढं."

तोफेने चहा तसाच ठेवला आणि सगळ्यांच्या आधी मैदानात गेला. स्टंपपासून पावलं मोजत तो मागे गेला. बाविसाव्या पावलावर मेहुण्याने बुटाच्या खिळ्यांनी ओढलेली रेघ होती, अगदी चोख. तो उलट्या दिशेने निघाला. चार पावलं पुढे येऊन थांबला आणि झेल घेतल्यासारखा पंजा पोटाशी धरून पाहिला.

खेळ सुरू झाला. मेहुणा आपल्या रेघेकडे निघाला.

"चार पावलं पुढे ये," तोफ म्हणाला.

मेहुणा जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊजी, वर ते दोघं बसलेत."

"दिसतायत मला."

"मी पुढे आलो की त्यांना—"

"पुढे ये. बोटं तुझी आहेत, झेल माझे."

मेहुणा पुढे आला. तो आला म्हणून स्लिपही पुढे सरकली आणि एवढ्या मोठ्या मैदानात ते कोणाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. सज्जातल्या एकाने पेनाने तिकडे खूण केली. दुसऱ्याने मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

तिसऱ्या चेंडूला कड लागली. चेंडू मेहुण्याच्या उजवीकडून निघाला आणि पोटाच्या उंचीवर ग्लोव्हजमध्ये जाऊन बसला. अंपायरने बोट वर केलं.

सगळे धावत आले. मेहुणा सर्वांत शेवटी आला, उजवा हात झटकत.

"तळवा शेकून निघाला, भाऊजी," तो म्हणाला. "पूर्वीसारखा."

तोफेने त्याच्याकडे पाहिलं. अठरा पावलांवरून तळवा शेकत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्याने मेहुण्याचा हात धरला, ग्लोव्ह हळूच काढला आणि त्या गोऱ्यापान कोरड्या तळव्यावर फुंकर घातली.