बरा करून सोडला

सिस्टर फळ्यावर पायाचा अंगठा काढून, त्याच्या सांध्यात युरिक अॅसिडचे खडे कसे साचतात ते पेशंटना दाखवत होती. तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरलं आणि तिचा खडू जागीच थांबला. संसाराची सगळी वर्षं त्या खाकरण्यासरशी ती पाण्याचा पेला घेऊन धावत आली होती.

तो दाराशी बसला होता. एका पायात बूट, दुसऱ्यात अंगठ्यापाशी कापलेला मोजा. शेजारी त्याची दुसरी बायको, मांडीवर फायलींची पिशवी धरून.

कंबरेतली चकती सरकून सिस्टर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हाच माणूस "नाटकं पुरे" म्हणून तिला पाहुण्यांच्या चहासाठी उठवायचा. एक दिवस त्यानं तिची बॅग भरली, तिला माहेरच्या दारात उतरवलं आणि शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात तिच्या वडिलांना म्हणाला, "आजारी बाई घेऊन मी काय करू?" ही दुसरी तेव्हाच त्याच्या आयुष्यात आली होती. पुढं कंबर बरी झाली. सिस्टरनं सोडलेली नोकरी पुन्हा धरली आणि आता या दवाखान्यातले गाउटचे, म्हणजे या युरिक अॅसिडच्या दुखण्याचे, सगळे पेशंट तिच्या हवाली होते. त्यांना आजार समजावून सांगायचा आणि त्यांच्या वेगवेगळ्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलतं ठेवायचं, हे तिचं काम.

वर्ग सुटल्यावर तो खुर्चीचा आधार घेत उठला.

"तू इथं होय? कंबर झाली वाटतं बरी," तो म्हणाला आणि बायकोकडे वळून हसला. "ही बघ. हीच ती, कंबरवाली."

दुसरीनं मान खाली घातली. सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज तिनं चढू दिला नाही. "तुम्ही बाहेर बसा. नंबर आला की बोलावतील."

सांध्यांच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि सिस्टरला आत बोलावलं. "युरिक अॅसिड उतरवणारी गोळी सुरू करतोय. सुरुवातीला दुखणं उसळेल. ते अडवायला दुसरी गोळी द्यावी लागेल, पण यांची किडनी नाजूक आहे. किडनीच्या डॉक्टरांना फोन करून डोस ठरवून घ्या. आणि पेशंटला नीट समजावा."

"हो, डॉक्टर."

तिनं फोनवर हात ठेवला, आणि काढून घेतला. नवी गोळी घेणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, 'आधी दुखणं वाढेल, घाबरू नका, गोळी थांबवू नका, मला फोन करा.' आज ती सगळी वाक्यं तिनं गिळली. "ही रोज एक," एवढंच म्हणून तिनं पाकीट त्याच्या हातात दिलं.

पुढचे दिवस तिचे मजेत गेले. पेशंटच्या चादरी बदलताना तिला त्याचा अंगठा आठवायचा. गाउट उसळला की अंगावरच्या चादरीचाही भार सोसवत नाही. सोस आता, ती मनातल्या मनात म्हणायची. कर नाटकं.

मग एका दुपारी दुसरी एकटीच आली. कपाळावर पट्टी होती.

"पंख्याचा वारासुद्धा सहन होत नाही त्यांना," ती म्हणाली. "गोळीनंच मारलं म्हणतात. बंद केलीय."

"कपाळाला काय झालं?"

"पेला लागला."

"पडला की फेकला?"

"फेकला. दुखायला लागलं की काहीतरी फेकतातच. आणि घरात माझ्याशिवाय आहे कोण?"

नेम त्याच्यावर धरला होता आणि लागलं भलतीलाच. तिनं खुर्ची पुढं ओढली. "बसा. डॉक्टरांनी मला एक फोन करायला सांगितला होता, हे दुखणं अडवायच्या गोळीसाठी. तो राहिला माझ्याकडून." ती थांबली. "राहिला नाही. मुद्दाम नाही केला."

दुसरीनं पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, नका करू."

दोघींना एकदमच हसू फुटलं, आणि दोघींनी ते दाबलं.

"सोडून का नाही जात तुम्ही?" सिस्टरनं विचारलं.

"बहीण केव्हाची बोलावतेय. तिचं शिवणकाम आहे, हाताशी माणूस हवंय तिला. पण आजारी माणसाला टाकून कशी जाऊ? तुमच्या वेळी त्यांनी ते केलं आणि मी बघत बसले. तेवढं पाप पुरे आहे मला, ताई."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिली. डोक्यात काहीतरी लख्ख झालं.

"मग आपण त्याला आधी बरा करू," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी ती डॉक्टरांपुढं उभी राहिली आणि फोन का केला नाही ते तिनं सांगून टाकलं. डॉक्टरांनी तिला उभी-आडवी झापली. पुन्हा असं घडलं तर या दवाखान्यात जागा नाही, म्हणाले. तिनं मान खाली घालून सगळं ऐकलं. "या पेशंटचं मीच बघते, डॉक्टर. प्रत्येक गोष्ट तुम्हाला दाखवून करीन."

आणि मग तिनं कंबर कसली. किडनीच्या डॉक्टरांना गाठून दुखणं अडवणाऱ्या गोळीचा बेताचा डोस ठरवून घेतला. रक्तदाबासाठी तो जी लघवी वाढवणारी गोळी घेत होता, त्या गोळीनं युरिक अॅसिड चढतं, हे त्यांच्या कानावर घातलं आणि गोळी बदलून घेतली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून तो हवी ती वेदनाशामकं उचलायचा. तिथं ती स्वतः गेली आणि त्या गोळ्या त्याची किडनी कशी पोखरतात हे त्या माणसाला पटवून आली. आहारतज्ज्ञ बाईंना म्हणाली, "साधं काहीतरी सांगा, एकट्या पुरुषाला करता येईल असं."

त्याला मात्र ती एकट्यालाच वर्गाला बोलवायची.

"बायकोला सगळं माहीत असतं," तो कुरकुरला.

"अंगठा तुमचा आहे," सिस्टर म्हणाली. "म्हणा पाहू, परत उसळलं तर काय करायचं?"

"पाय वर ठेवायचा... बर्फ लावायचा..."

"आणि रोजची गोळी?"

"थांबवायची नाही. फोन करायचा."

"कोणी करायचा?"

"मी."

बिअर सुटली, कलेजी सुटली. गोळ्यांची डबी तो स्वतः भरायला लागला, भाजी स्वतः शिजवायला लागला. हळूहळू युरिक अॅसिडचा आकडा सहाच्या खाली आला आणि तिथंच टिकला. एक दिवस तो दोन्ही पायांत बूट घालून आला आणि भर वर्गात म्हणाला, "सिस्टरसारखी काळजी घेणारं माणूस मिळायला भाग्य लागतं." सिस्टरनं त्याचे आभार मानले. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

त्याच आठवड्यात दुसरी बॅग घेऊन दवाखान्यात आली.

"रिपोर्ट खरंच चांगला आहे ना?"

"तुम्हीच बघा."

तिनं कागद डोळ्यांजवळ धरून आकडा वाचला, परत वाचला. मग सिस्टरचा हात घट्ट दाबला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी तो तरातरा आत शिरला. जराही लंगडत नव्हता.

"तूच शिकवलंस तिला हे!"

"तिला नाही. तुम्हाला शिकवलं."

"चिठ्ठी ठेवून गेली. म्हणे, आता तुम्ही बरे झालात." तो मटकन खुर्चीत बसला. "मी एकट्यानं काय करायचं आता?"

त्याचे खांदे पडले होते, दाढी वाढली होती. आपल्याला कुठं दया येतेय का, हे सिस्टरनं चाचपून पाहिलं. थोडीशी होती. ती तिनं होती तिथंच राहू दिली.

"गोळी रोज, न चुकता," ती म्हणाली. "पाणी भरपूर. भाजी करता येतेच तुम्हाला. रक्त तपासायची तारीख या कार्डावर लिहिलीय, विसरू नका."

"एवढंच?"

"आणखी काही दुखतंय का?"

तो कार्ड खिशात घालून उठला आणि निघाला. सिस्टर दारापर्यंत आली. पायऱ्या उतरताना तो कसा पाऊल टाकतोय ते ती नीट बघत राहिली. अंगठा व्यवस्थित वाकत होता, सूज कुठंही नव्हती. काम चोख झालं होतं. मग तिनं आत वळून पुढच्या पेशंटला हाक मारली.